सुपरनोव्हा मावळतात, तिथून पुढे

२३ एप्रिल २००९. ‘स्विफ्ट’ उपग्रहाने गॅमा किरणांचा जेमतेम दहा सेकंदांचा एक स्फोट टिपला. मागे उरलेल्या मंद झळाळीवरून त्याची ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप, निघाली ८.२. विश्वाचं वय आज १३८० कोटी वर्षं आहे. हा प्रकाश निघाला तेव्हा ते ६३ कोटींच्या आसपास होतं.

एवढ्या दूरचं दिसतं, मग त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेगही का मोजू नये? एखाद्या स्फोटाचं मूळ तेज ठाऊक असेल, तर दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं. १९९८ मध्ये ‘१ए’ प्रकारच्या सुपरनोव्हांनी, म्हणजे मूळ तेज जवळजवळ सारखं असलेल्या ताऱ्यांच्या स्फोटांनी, असंच दाखवून दिलं, की प्रसरणाचा वेग वाढतो आहे. पण ताम्रसृती दोनच्या पुढे हे सुपरनोव्हा फारच अंधुक होतात. गॅमा स्फोट त्यांच्याहून कितीतरी प्रखर असतात, आणि वाटेतली धूळ गॅमा किरणांना अडवत नाही.

अडचण अशी, की या स्फोटांचं मूळ तेज सारखं नसतं. मात्र २००२ मध्ये लोरेंझो अमाती आणि सहकाऱ्यांना त्यात एक सूत्र सापडलं: स्फोटाचा वर्णपट ज्या ऊर्जेला शिखर गाठतो, ती जितकी जास्त, तितकी एकूण बाहेर पडलेली ऊर्जाही जास्त. शिखर उपकरण मोजतं. त्यावरून मूळ ऊर्जेचा आणि पुढे अंतराचा अंदाज बांधता येतो.

इथे एक पेच आहे. हे सूत्र बसवतानाच स्फोटांची अंतरं आधी माहीत असावी लागतात, आणि ती काढायला प्रसरणाचं गणित गृहीत धरावं लागतं. जे सिद्ध करायचं, तेच हाताशी धरल्यासारखं होतं. म्हणून संशोधक सुपरनोव्हांच्या टप्प्यातले स्फोट निवडतात, त्यांची अंतरं सुपरनोव्हांवरून ठरवतात आणि सूत्र तिथे पक्कं करून मगच दूर नेतात. तरीही स्फोटांमधली तफावत मोठी राहते. शिवाय हे गॅमा स्फोटही ताऱ्यांच्या अंतातून होतात; मग जड मूलद्रव्यं कमी असलेले आरंभीचे तारे याच नियमाने फुटत होते का, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर गॅमा किरण नेमके कसे निर्माण होतात, यात दडलं आहे. या शोधात मुंबईची ‘टीआयएफआर’ आणि पुण्याची ‘आयुका’ या संस्थांचाही हात आहे. त्यांचा सहभाग असलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरच्या उपकरणाने ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, एक गॅमा स्फोट टिपला. स्फोटांच्या किरणांचं ध्रुवीकरणही, म्हणजे त्यांच्या कंपनांची दिशा किती एकसारखी आहे हेही, ते मोजतं; त्यावरून किरण कसे निर्माण झाले याचा माग लागतो. प्रसरणाचा वेग वाढवणारी कृष्ण ऊर्जा कायम तेवढीच आहे की काळानुसार बदलते, हे सांगण्याची ताकद या स्फोटांत येऊ शकेल. पण आधी ते फुटतात कसे, हे नीट कळायला हवं.