लेकीला आधी एक चाल काढू द्या

बारावीचा निकाल लागला, की हल्ली एखाद्या तरी घरात मुलगी जाहीर करते, ‘मी ॲनिमेशन शिकणार.’ वडील म्हणतात, ‘कार्टूनं काढून पोट भरतं का?’ आई हळूच क्लासच्या फीचा आकडा विचारून येते नि गप्प बसते. माझ्या नणंदेकडे अगदी हेच झालं. मी म्हटलं, वन्सं, पैसे भरायच्या आधी आठ दिवस जाऊ द्या. तिच्याकडून घरातल्याच कुणाची तरी चाल काढून घ्या.

या विद्येत उड्या मारणारा चेंडू जमला, की पुढचा मोठा धडा चालीचाच. सामान घरातलंच. पातळ कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर. सगळ्या कागदांना एकाच जागी दोन भोकं पाडून ते खुंट्यांवर बसवायचे, म्हणजे सरकत नाहीत. खालचं चित्र दिसायला खिडकीची काच चालते. पडद्यावर सेकंदाला 24 चित्रं सरकतात. पण एकच चित्र दोनदा धरलं तर 12 पुरतात. तेवढ्यात साध्या चालीची दोन पावलं होतात, आणि तीच 12 चित्रं फिरवत राहिलं की माणूस चालतच राहतो.

म्हणजे पावलाला सहा चित्रं. त्यांतली चार मुख्य. पहिल्यात पाय कात्रीसारखे फाकलेले, पुढची टाच टेकलेली. दुसऱ्यात अंगाचा भार त्या पायावर येतो, गुडघा वाकतो, डोकं सगळ्यांत खाली. तिसऱ्यात मागचा पाय उभ्या पायाशेजारून जातो. चौथ्यात चवड्यावर रेटा, डोकं सगळ्यांत वर. हात पायांच्या उलट. नवशिके नेमके डोकं एका सरळ रेषेत ठेवतात, मग माणूस चाकांवर ढकलल्यासारखा दिसतो. दुसरी खोड म्हणजे पाय घसरणं. टेकलेलं पाऊल दर चित्रात सारख्याच अंतरानं मागे सरकायला हवं, नाहीतर शेवाळावरून चालल्यागत वाटतं.

आणि आपली साडी! निऱ्या पायाबरोबर जात नाहीत हं, एक-दोन चित्रं मागून येतात. डोक्यावर हंडा असलेल्या बाईचं तर सगळंच निराळं. डोकं जवळजवळ स्थिर, सारे हेलकावे गुडघे नि कंबर गिळतात. हे कळायला आधी बघायला लागतं. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं माणसं आणि जनावरं चालताना टिपली, त्याचे 781 तक्ते 1887 मध्ये निघाले. चित्रकार अजून ते समोर ठेवतात. आपल्या मुलींना दारातून येणारीजाणारी माणसं पुरेत.

भाचीनं घरातल्या आजी निवडल्या. आजींचा उजवा गुडघा दुखतो. तीन दिवस कागद फाडणं चाललं. चालीला काहीतरी कमी होतं, काय ते कळेना. मग घड्याळ घेऊन ती आजींच्या मागे मागे फिरली. दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ उभा राहतो! दोन पावलांना सहा-सहा चित्रं न देता तिनं पाच आणि सात अशी वाटणी केली. मोबाइलवर एकेक फोटो काढून ते पळवले. तिचे वडील चहा घेता घेता म्हणाले, ‘अगं, ही तर आईची चाल!’ चेहरा काढलेलाच नव्हता.

तेव्हा चित्र देखणं आहे का, हे तुम्ही बघू नका. चाळीस कागद फुकट गेल्यावर पोरगी पुन्हा बसते का, ते बघा. बसत नसेल तर रागावू नका, फी वाचली.

बसली, तर घराजवळचा पहिलाच क्लास धरू नका. अहमदाबादच्या एनआयडीत बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन हा विषय घेता येतो, मुंबईच्या आयआयटीत पदवीनंतर. खाजगी क्लास बघायला गेलात, तर वातानुकूलित खोली आणि संगणक बघून भुलू नका. मागच्या वर्षीच्या मुलांनी काढलेली चाल दाखवा म्हणावं, आणि तिथंच उभं राहून त्यांचे पाय घसरतात का ते बघावं.