तंजावरच्या संग्रहातला देकार्त

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात एका चित्रसंचापुढे लोकांचे पाय हमखास थबकतात. घुबडाच्या तोंडवळ्याची माणसे, उंटाच्या तोंडवळ्याची माणसे आणि शेजारी ते ते प्राणी. घुबडमाणसाचे वाटोळे, ताणलेले डोळे पाहून मुले हसतात आणि मंडळी पुढे सरकतात. ही रेखाटने चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार शार्ल ल ब्रं (1619–1690) याची. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांची हौस म्हणून त्यांची बोळवण केली जाते, ते मला मुळीच पटत नाही. या चेहऱ्यांमागे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा एक ग्रंथ उभा आहे.

तो ग्रंथ म्हणजे ‘ले पास्यों द लाम’, आत्म्याच्या भावावेगांविषयीचा. 1649च्या अखेरीस पॅरिस आणि ॲमस्टरडॅम अशा दोन्ही ठिकाणच्या प्रकाशकांच्या नावांनी तो निघाला आणि 11 फेब्रुवारी 1650 रोजी देकार्त स्टॉकहोममध्ये वारला. हयातीत छापलेले त्याचे हे शेवटचे पुस्तक, म्हणून पहिल्या आवृत्तीचे मोल मोठे. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने पत्रांतून त्याला सतत छेडले होते: निराकार आत्मा देहाला हलवतो कसा? देकार्तने मेंदूच्या मध्यावरच्या एका चिमुकल्या ग्रंथीकडे बोट दाखवले. आत्म्याचे कामकाज तिथून चालते. विस्मय, प्रेम, द्वेष, इच्छा, आनंद आणि दुःख हे सहा मूळ भाव. बाकीचे त्यांतूनच घडलेले.

ल ब्रंने 1668 साली चित्रकारांपुढे दिलेल्या व्याख्यानात हाच विचार उचलला. भुवई त्या ग्रंथीच्या जवळ, म्हणून मनातले सर्वांत आधी तिच्यावर उमटते. ती मेंदूकडे चढली तर सौम्य भाव, हृदयाकडे उतरली तर उग्र. पुढे त्याने प्राण्यांच्या आणि माणसांच्या डोळ्यांच्या कोनांतून रेषा काढून त्यांचा उतार ताडून पाहिला. देकार्तने माणूस आणि पशू यांच्यात भिंत घातली होती. त्याच्याच वाटेने निघालेल्या चित्रकाराने दोघांना एका कागदावर आणले. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. ही तुलनाचित्रे 1806 साली पॅरिसमध्ये ग्रंथरूपाने छापली गेली.

आता तंजावर. 1799च्या तहाने कुंभकोणमसह कावेरीकाठचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला आणि त्याचा परिसर. सरफोजींनी आपले राज्य ग्रंथांत वाढवले. पाश्चात्त्य पुस्तके हजारोंनी जमवली, त्यांवर स्वतःच्या सह्या केल्या. लाव्हाझिएचे रसायनशास्त्रही त्यांच्या संग्रहात आहे. त्यांच्या धन्वंतरी महाल या वैद्यशाळेत नेत्ररोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात, आणि सोबत त्या त्या रोग्याच्या दुखऱ्या डोळ्याचे रंगीत चित्र असे. डोळ्याच्या पापणीपर्यंत इतके बारकाईने पाहणाऱ्या माणसाने ल ब्रंची चित्रे नुसती करमणूक म्हणून पाहिली असतील, हे संभवत नाही.

शिवाय भुवईचे शास्त्र या दरबाराला परके नव्हते. भरतमुनीच्या नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात भुवयांच्या सात क्रिया आहेत. भृकुटी क्रोधाची, चतुर शृंगाराची. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे नर्तनगुरू भाऊ याच दरबारचे. भरताला ग्रंथीची गरज पडली नाही. भाव कुठून येतो यापेक्षा तो प्रेक्षकापर्यंत कसा पोहोचतो, ही त्याची चिंता.

ल ब्रंची चित्रे आणि नेत्ररोग्यांची ती पाने एकाच छताखाली आहेत. ती शेजारी शेजारी मांडावीत, आणि खाली मराठीत व तमिळमध्ये देकार्तचे नाव लिहावे.