मॉंटेग्यूच्या घोषणेंतील एक शब्द

इ. स. १९१७ च्या २० ऑगस्टची घोषणा मॉंटेग्यूच्या नांवानें ओळखली जाते. परंतु ‘जबाबदार राज्यपद्धति’ हा तींतील कळीचा शब्द त्याचा नव्हे. बखरीवर नांव एकाचें व मजकुरांत हात दुसऱ्याचा, हा प्रकार संग्राहकांस नवा नाहीं.

एड्विन मॉंटेग्यूचा जन्म १८७९ चा. १९०६ सालीं तो पार्लमेंटांत आला व १९१० ते १९१४ पर्यंत हिंदुस्थानखात्याचा उपमंत्री होता. मेसोपोटेमियाच्या चौकशीवरून ऑस्टिन चेंबरलेननें जुलै १९१७ मध्यें राजीनामा दिला, तेव्हां भारतमंत्रिपद याच्याकडे आलें. त्याच्या मसुद्यांत अंतिम ध्येय म्हणून ‘स्वयंशासन’ हा शब्द होता. त्यास बाल्फरनें हरकत घेतली आणि कर्झननें आपल्या लेखणीनें वरील शब्द घातला. मौज अशी कीं, सावधपणें घातलेला हा शब्दच अधिक बांधणारा ठरला. कारण मंत्र्यानें लोकनियुक्त सभेस जाब द्यावा, असा त्याचा रूढ अर्थ. १९१९ च्या कायद्यानें प्रांतांतील कांहीं खातीं अशा मंत्र्यांकडे गेलीं. कर्झनच्या मनांत एवढें असेल, असें मला वाटत नाहीं.

तुर्कस्तानविषयक तार मंत्रिमंडळास न विचारतां प्रसिद्ध होऊं दिल्यामुळें मार्च १९२२ मध्यें मॉंटेग्यूस पद सोडावें लागलें. १९२४ सालीं तो वारला. त्याची हिंदुस्थानच्या दौऱ्याची रोजनिशी पत्नीनें १९३० सालीं छापविली. ती घोषणेनंतरची असल्यानें प्रस्तुत शब्दाचा माग तींत न काढतां मंत्रिमंडळाच्या कागदांतच काढावा.