टवका उडण्याआधी

पोर्शे ९११च्या मागच्या चाकापुढे, दार संपतं तिथे, बॉडी एकदम रुंद होते. त्या फुगवट्यावरून नख हळूच फिरवलं तर एका जागी ते अडतं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण नखाला कागदाच्या कडेसारखी बारीक रेघ लागते. ती एका पारदर्शक फिल्मची कड असते. कुठल्या दुकानदाराने नव्हे, कारखान्यातच ती चिकटवलेली असते. पुढच्या चाकाने उडवलेली खडी नेमकी तिथेच येऊन आदळते आणि १९६३ साली लोकांसमोर आलेली ही आकृती आजवर जपत आलेल्या कंपनीला ते पक्कं ठाऊक आहे.

माझ्या मावसभावाने पुण्यात तीन वर्षं वापरलेली ९११ घेतली तेव्हा पहिला फोन मला केला. ‘दादा, सगळ्या गाडीला पीपीएफ लावून घेऊ का? लोक म्हणतात लावलीच पाहिजे. दुसरे म्हणतात, पैसे पाण्यात.’ पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चिकटवायचं पारदर्शक कातडं. मी म्हणालो, गाडी घेऊन ये आणि त्या मागच्या फेंडरला हात लाव. या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या रेघेत आहे असं मला वाटतं.

पण आधी आपण वाचवायला काय निघालो आहोत ते पाहायला हवं. ‘कंपनी पेंट आहे’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात उगाच किमतीचं नाही. कारखान्यात नुसता बॉडीचा सांगाडा असतो. सीट नाही, वायर नाही, टायर नाही. तो सांगाडा रसायनाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात आणि साधारण १६० ते १८० अंशांना भाजतात. मग प्रायमर, मग रंग, मग वरचा क्लिअर कोट. हे वरचे थरही १४० अंशांच्या आसपास भट्टीत पक्के होतात. तयार गाडी मात्र उद्या रंगाच्या दुकानात गेली तर तिला ही आच देता येत नाही. आतलं प्लॅस्टिक, वायरिंग, रबर खराब होईल. म्हणून तिथली भट्टी ६० अंशांच्या आसपास चालते आणि रंग पक्का करायचं काम हार्डनरवर सोपवावं लागतं. उत्तम कारागीर असा रंग मारतो की फरक ओळखू येत नाही. तरी कारखान्यातली ती भाजणी पुन्हा होत नाही. ती गाडीच्या आयुष्यात एकदाच होते.

आणि हे सगळे थर मिळून जाडी किती? शंभर ते दीडशे मायक्रॉन. आपला एक केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. म्हणजे दोन केसांएवढ्या जाडीत गाडीचा सगळा रंग आला. त्यातला चकाकणारा क्लिअर कोट तर चाळीस-पन्नास मायक्रॉनचाच. पॉलिश मारताना दर वेळी झिजतो तो हाच.

आता खडीचा हिशेब. एक ग्रॅमची कच, तुरीच्या दाण्याहून जरा मोठी. पुढच्या डंपरमधून ती रस्त्यावर सांडते, उडते आणि आपण तिच्यावर जाऊन धडकतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला तिच्यात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या चौपट २००ला असते, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. स्पोर्ट्‌स कारचं नाक जमिनीलगत, टायर रुंद आणि चिकट, पुढची काच तिरकी. म्हणजे कच जिथे उडते त्याच उंचीवर या गाडीचा रंग असतो. उंच एसयूव्हीच्या बॉनेटपर्यंत जे पोचत नाही, ते इथे थेट बसतं. ट्रॅकवर तर विचारूच नका. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटसारख्या ठिकाणी तापलेले टायर रबराचे गोळे उचलून पुढच्या गाडीकडून मागच्या गाडीवर फेकत राहतात.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. पावसाळा संपता संपता खड्डे भरायची घाई सुरू होते. डांबर कमी, खडी जास्त, आणि दोन दिवसांत ती सगळी रस्त्यावर पसरते. वाघोलीच्या क्रशरवरून निघालेले डंपर ताडपत्री न बांधता नगर रस्त्याला लागतात. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीपर्यंत कुठे ना कुठे काम चालूच असतं. मावसभावाचा रविवार म्हणजे पहाटे पाचला निघून वाईमार्गे पसरणी घाट चढायचा आणि उजाडताना पाचगणीत चहा. त्याच्या गाडीच्या नाकावर मी टॉर्च तिरका धरला तेव्हा पांढरे ठिपके मोजता मोजता चाळीसच्या पुढे गेलो. प्रत्येक ठिपका म्हणजे उडालेला टवका. काहींत नुसता क्लिअर कोट गेला होता, दोन-तीन थेट पत्र्यापर्यंत पोचले होते.

फिल्म इथे नेमकं काय करते? चांगली फिल्म टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते. जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जास्त. हा पदार्थ रबरासारखा ताणतो. कच आदळली की तो क्षणभर दबतो, मार जास्त जागेत आणि जास्त वेळात पसरवतो, आणि मग पुन्हा सपाट होतो. याच्या मुळाशी लष्करी गरज आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजत. त्यांच्या रक्षणासाठी अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची पट्टी बनवली. तीच कल्पना पुढे शर्यतीच्या गाड्यांवर आणि तिथून आपल्या पार्किंगमध्ये आली.

फिल्मच्या वर एक अगदी पातळ थर असतो. त्यावरचे बारीक ओरखडे ऊब मिळाली की भरून येतात. मी स्वतः करून पाहिलं आहे. पितळी ब्रशने फिल्मच्या तुकड्यावर रेघोट्या मारल्या, किटलीतलं गरम पाणी ओतलं आणि पाणी ओघळेपर्यंत रेघोट्या गेल्या. पण चाकू लागला, कच आरपार घुसली, तर ती जखम भरत नाही. दुकानात ‘सेल्फ हीलिंग’ म्हणतात ते फक्त वरच्या ओरखड्यांपुरतं खरं आहे.

तरीही आपल्या सोसायट्यांमध्ये हा गुण फार कामाचा आहे. रोज सकाळी एका बादलीत पंधरा गाड्या पुसल्या जातात. पाचव्या गाडीपासून फडक्यात माती असते. पुसणाऱ्याचा दोष नाही, त्याला तेवढंच पाणी आणि तेवढाच वेळ मिळतो. पण उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या याच फडक्याच्या. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग, बेसमेंटच्या स्लॅबमधून ठिबकणारं चुन्याचं पाणी, उन्हात तापलेल्या रंगावर वाळलेली पक्ष्यांची विष्ठा, हे सगळं क्लिअर कोटमध्ये मुरतं. फिल्म असली तर ते फिल्मवर मुरतं. फिल्म बदलता येते.

एक गल्लत मात्र मनापासून दूर करावीशी वाटते. सिरॅमिक कोटिंग म्हणजे पीपीएफ नव्हे. कोटिंगची जाडी एक-दोन मायक्रॉन. त्यावर पाणी टिकत नाही, धूळ सहज निघते, चकाकी सुंदर येते. ते ‘नाइन एच’ असल्याचं कौतुक केलं जातं, पण तो आकडा पेन्सिलीने रेघ उठते का हे पाहायच्या परीक्षेतला आहे. डंपरच्या खडीशी त्याचा काही संबंध नाही. खडीपासून संरक्षण म्हणून कोणी तुम्हाला कोटिंग विकत असेल तर तिथून उठा.

फिल्ममध्येही जाती आहेत आणि इथे मी स्वतः फसलो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या पांढऱ्या गाडीला एका दुकानात स्वस्तात फिल्म लावली. टीपीएच नावाने ती खपते, मुळात ती पीव्हीसीच. तिसऱ्या उन्हाळ्यात बॉनेट जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडलं. काढायला घेतली तर गोंद तसाच राहिला, आणि आधी एकदा रंगवलेल्या बंपरवरचा रंग तळहाताएवढ्या पोपड्यासकट निघून आला. टीपीयूमध्येही अ‍ॅलिफॅटिक प्रकारचाच माल हवा. अ‍ॅरोमॅटिक पॉलियुरेथेनच्या रेणूत बेंझिनची कडी असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पिवळी पडते. पावतीवर फिल्मचं नाव, रोलचा नंबर आणि कंपनीची वॉरंटी लिहून मागा. देत नसतील तर उत्तर मिळालं असं समजा.

त्याहूनही महत्त्वाचा आहे लावणाऱ्याचा हात. मावसभावासाठी आम्ही तीन ठिकाणी फिरलो. एका ठिकाणी मुलगा गाडीवरच फिल्म टाकून ब्लेडने कड कापत होता. ब्लेड जरा खोल गेलं तर कापला जातो तो खालचा रंग, आणि ती रेघ फिल्म निघेल तेव्हाच दिसते. तिसऱ्या ठिकाणी प्लॉटरवर गाडीच्या मापाचे तुकडे आधीच कापून घेत होते. तिथला कारागीर, चाळिशीचा माणूस, बॉनेटवर साबणाचं पाणी फवारत होता. फिल्म पाण्यावर तरंगत होती आणि तो दोन बोटांनी ती मासोळीसारखी सरकवत होता. जागा पक्की झाल्यावर स्पिरिटचं पाणी मारून एक कोपरा धरला आणि मग रबरी स्क्वीजीने मधून कडेकडे पाणी काढत गेला. बॉनेटच्या काठावर त्याने फिल्म पाव इंच जास्त ठेवली, हीट गनने ऊब दिली आणि आतल्या बाजूला वळवली. ‘कड बाहेर ठेवली तर पहिल्या पावसात माती धरते, मग सहा महिन्यांत उठते,’ तो म्हणाला. फवारा मारण्याआधी तो जमीन ओली करून घेत होता, धूळ बसावी म्हणून. पाण्याचे बुडबुडे आठवड्यात सुकून जातात, फिल्मखाली अडकलेला धुळीचा कण कधीच जात नाही. गाडी मी त्याच्याच हाती द्यायला सांगितली.

आता पैशांचं. पूर्ण गाडीसाठी आम्हाला सांगितले गेलेले आकडे पावणेदोन ते साडेतीन लाखांच्या मधले होते. पुढचा भाग तेवढा केला तर साधारण तिसरा हिस्सा. सगळ्यांनी ‘पूर्ण करा’ म्हटलं. मी नको म्हटलं, आणि त्याचं कारण गाडीच्या बांधणीत आहे.

पुढचा बंपर प्लॅस्टिकचा. तो कारखान्यातही पत्र्याएवढा भाजता येत नाही, आणि उद्या रंगवला किंवा बदलला तरी फार बिघडत नाही. तरी सगळ्यात जास्त मार तोच खातो म्हणून फिल्म हवीच. बॉनेट आणि पुढचे फेंडर बोल्टने बसवलेले असतात. मागचा फेंडर मात्र बॉडीला कायमचा जोडलेला. तो बदलायचा म्हणजे गाडी कापायची. तिथला मूळ रंग जपणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि म्हणूनच कंपनीने तिथे आधीच फिल्म दिली आहे. चाकामागचे दारांखालचे पट्टे, दारांच्या कडा, हँडलमागच्या नखांच्या वाट्या, एवढं घ्यावं. छप्पर आणि मागच्या इंजिनाच्या झाकणावर खडी बसत नाही. त्यांना कोटिंग पुरे.

काही गाड्यांना मी सरळ नाही म्हणेन. रंग आधीच दोनदा मारलेला असेल तर फिल्म काढताना तो निघेल. क्लिअर कोट पोपडे धरायला लागला असेल तर आधी रंगाचं काम करावं. गाडी दोन वर्षांत विकायची आणि शहराबाहेर न्यायचीच नाही, तर दोन लाख परत येत नाहीत. दाराला दार लागून पडलेला पोचा फिल्म अडवत नाही, स्कूटरच्या हँडलचा खोल घावही नाही. आणि मॅट किंवा रंगीत फिल्मने गाडीचा रंगच बदलत असाल, तर आरसी बुकावर तशी नोंद लागते. पारदर्शक फिल्मला तो प्रश्न नाही.

उलट, जी गाडी खरंच पळवायची आहे, पहाटे उठून घाटात न्यायची आहे, तिला पुढची फिल्म पहिल्याच आठवड्यात लावावी. मावसभावाच्या गाडीला आधी टवके टच-अप करून, सपाट घासून, पॉलिश करावं लागलं. त्यातच चार दिवस आणि वीस हजार गेले. नव्या गाडीला ते वाचतात.

त्याने बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर आणि खालचे पट्टे केले. बाहेरचे आरसे वगळले, तेवढेच आठेक हजार कमी. तीन महिन्यांनी तो पाचगणीहून थेट माझ्याकडे आला. बॉनेटच्या नाकाशी फिल्मवर नखाएवढी चंद्रकोर कापली गेली होती. कड बोटाला लागत होती, टॉर्च धरला तर खाली रंग अखंड होता. मग मी उजव्या आरशावर प्रकाश टाकला. काळ्या रंगात मोहरीएवढा पांढरा ठिपका, ताजा. त्याने तो अंगठ्याने एकदा पुसून पाहिला, आणि माझ्यासमोरच त्या कारागिराला फोन लावला.