डाक्सहुंडचे रंग आणि त्यांचा वारसा

जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर हा बिळात राहणारा प्राणी आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. आखूड पायांच्या व लांबट शरीराच्या डाक्सहुंडची पैदास बॅजरच्या बिळात शिरण्यासाठीच करण्यात आली. पुढे तो घरोघरी पाळला जाऊ लागला आणि त्याच्या रंगाला मोल आले. हे रंग कसे उत्पन्न होतात आणि त्यांतील एक पिल्लांना घातक का ठरू शकतो, हे आता पाहू.

कुत्र्यांच्या केसांतील सर्व रंगछटा दोनच रंगद्रव्यांपासून बनतात. एक काळे व दुसरे तांबूस-पिवळे. कोणते द्रव्य शरीराच्या कोणत्या भागात व किती प्रमाणात तयार व्हावे, हे जनुकांवर अवलंबून असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक मातेकडून येते व दुसरी पित्याकडून.

डाक्सहुंडमध्ये लाल रंग सर्वांत अधिक आढळतो. काळ्या अंगावर तांबूस ठिपके असलेला प्रकारही परिचित आहे. या दोहोंपैकी लाल रंग प्रभावी आहे. म्हणून एका प्रतीत लाल व दुसरीत काळा-तांबूस गुण असलेला कुत्रा दिसावयास लालच असतो. अशा दोन लाल कुत्र्यांचा संकर केल्यास सरासरीने चारांपैकी एक पिल्लू काळे-तांबूस निपजते. मेंडेलने 1866 मध्ये वाटाण्याच्या रोपांसंबंधी जो नियम मांडला, तोच येथेही लागू पडतो. काळ्याऐवजी तपकिरी किंवा निळसर करडा रंग देणारे जनुक अप्रभावी असून, दोन्ही प्रती तशाच असल्या तरच ते रंग प्रकट होतात.

याहून निराळा प्रकार ‘डॅपल’ अथवा ‘मर्ल’ रंगाचा होय. जर्मनीत अशा कुत्र्यास ‘टायगरटेकल’ म्हणतात. त्याच्या अंगावर फिकट व गडद रंगांचे वेडेवाकडे डाग पसरलेले असतात आणि पुष्कळदा एखादा डोळा निळा असतो. 2006 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी या रंगाचे कारण शोधून काढले. रंगद्रव्याच्या निर्मितीशी संबंधित अशा एका जनुकात डीएनएचा एक लहानसा जादा तुकडा शिरलेला असतो. त्यामुळे काळे रंगद्रव्य ठिकठिकाणी विरळ होते.

असा तुकडा असलेली एकच प्रत असल्यास कुत्रा बहुधा निरोगी असतो. परंतु दोन डॅपल कुत्र्यांचा संकर केला, तर सरासरीने चारांतील एका पिल्लास दोन्ही प्रती सदोष मिळतात. अशा पिल्लाच्या अंगावर पांढरा भाग मोठा असतो. त्याचे डोळे कित्येकदा फार लहान किंवा विकृत असतात आणि कधी दृष्टी मुळीच नसते. कानाच्या अंतर्भागातही रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी असतात व ध्वनिग्रहणासाठी त्यांची गरज असते. त्या नसल्यास बहिरेपण येते. निरनिराळ्या जातींच्या मर्ल कुत्र्यांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दोन्ही प्रती सदोष असलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश एका अथवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले.

यावर उपाय सोपा वाटेल : दोन डॅपल कुत्र्यांचा संकर करू नये, एवढेच. परंतु येथे लाल रंग अडचण निर्माण करतो. सदोष जनुकाचा परिणाम प्रामुख्याने काळ्या रंगद्रव्यावर होतो. लाल कुत्र्याच्या अंगावर ते अल्पच असल्याने डाग जन्माच्या वेळी पुसट दिसतात आणि वाढत्या वयाबरोबर जवळजवळ नाहीसे होतात. साध्या लाल दिसणाऱ्या कुत्र्याच्या अंगीही डॅपल गुण लपलेला असू शकतो. त्याचा संकर डॅपल कुत्रीशी झाला, तर पैदास करणाऱ्याच्या नकळत आंधळी किंवा बहिरी पिल्ले जन्मास येऊ शकतात.

आता गालाच्या आतील पेशींच्या डीएनए तपासणीवरून हा गुण ओळखता येतो. वंशात एखादा पूर्वज डॅपल असल्यास, कुत्रा वरून कसाही दिसला तरी संकरापूर्वी ही तपासणी करून घेणे इष्ट ठरते.