वाल्याचा वाल्मीकी नव्हे

अणुसंशोधनात गढलेला जर्मन शास्त्रज्ञ हिरोशिमाच्या बातमीने हादरतो, त्याला उपरती होते आणि तो तत्त्वज्ञ बनतो. कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्सेकर (१९१२–२००७) यांची गोष्ट अशी सांगितली, की वाल्याचा वाल्मीकी झाल्यासारखी ती ऐकायला बरी वाटते. पण तारखाच तिच्या आड येतात.

गैरसमज : बॉम्बच्या धक्क्याने ते तत्त्वज्ञानाकडे वळले.
वस्तुस्थिती : ओढ आधीपासून तत्त्वज्ञानाचीच होती, भौतिकशास्त्र ही त्यासाठी केलेली तयारी होती. १९२७च्या एप्रिलमध्ये बर्लिनमध्ये टॅक्सीतून जाताना वेर्नर हायझेनबर्ग यांनी चौदा वर्षांच्या या मुलाला आपले अनिश्चिततेचे तत्त्व समजावून सांगितले. पुढे तत्त्वज्ञान शिकण्याचा विचार त्याने बोलून दाखवला, तेव्हा आधी भौतिकशास्त्र शिक, असा सल्लाही त्यांनीच दिला. विसाव्या शतकातले तत्त्वज्ञान भौतिकशास्त्र वगळून करता येणार नाही, असे त्यांचे मत होते. ही तयारी वरवरची नव्हती. अणुकेंद्राची बंधनऊर्जा काढण्याचे वाइत्सेकर यांचे १९३५चे सूत्र आजही शिकवले जाते. ताऱ्यांमध्ये कार्बनच्या साहाय्याने हायड्रोजनचे हेलियम कसे होते, हे त्यांनी आणि हान्स बेथे यांनी स्वतंत्रपणे दाखवले.

गैरसमज : नैतिक कारणासाठी त्यांनी हिटलरला बॉम्ब मिळू दिला नाही.
वस्तुस्थिती : युरेनियमपासून तयार होणारे नवे मूलद्रव्य स्फोटक म्हणून वापरता येईल, हे त्यांनी स्वतः जुलै १९४०च्या अहवालात लिहिले होते. युरोपातले युद्ध संपल्यावर इंग्लंडमधील फार्म हॉल या घरात दहा जर्मन शास्त्रज्ञ नजरकैदेत होते आणि भिंतींत मायक्रोफोन लपवलेले होते. हिरोशिमाची बातमी आली त्या रात्री वाइत्सेकर म्हणाले, की आपल्याला बॉम्ब मनापासून करायचाच नव्हता. ओटो हान यांनी तिथल्या तिथे, हे आपल्याला पटत नसल्याचे सांगितले. आपल्याकडच्या ज्ञानामुळे सत्ताधाऱ्यांना आपले ऐकावे लागेल, असा भाबडा समज होता, हे वाइत्सेकर यांनी पुढे कबूलही केले.

मग बॉम्बचा त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही का? झाला, पण निराळा. त्यांच्या तत्त्वज्ञानाचा उगम बॉम्बमध्ये नाही; विज्ञानाच्या जबाबदारीचा विषय मात्र त्यात बॉम्बमुळे आला. पश्चिम जर्मनीच्या सैन्याला अण्वस्त्रे देण्याविरुद्ध १९५७मध्ये अठरा शास्त्रज्ञांनी गॉटिंगेनचे निवेदन काढले. त्यामागे वाइत्सेकर प्रामुख्याने होते, आणि अशा शस्त्रांच्या कामात आपण सहभागी होणार नाही, असे सह्या करणाऱ्यांनी त्यात जाहीर केले. नकाराचा ठोस पुरावा हवा असेल तर तो इथे आहे, १९४०मध्ये नाही.

गैरसमज : तत्त्वज्ञ झाल्यावर भौतिकशास्त्र सुटले.
वस्तुस्थिती : १९५७मध्येच ते हॅम्बुर्गला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, पण त्यांचा मुख्य प्रश्न भौतिकशास्त्राचाच राहिला. ज्याचे उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाही' असू शकते, अशा सर्वांत साध्या पर्यायांपासून सगळे पदार्थविज्ञान उभे करता येईल का? अशा पर्यायाच्या क्वांटम रूपातली सममिती आणि त्रिमितीय अवकाशातली परिभ्रमणे यांचे जवळचे नाते आहे. अवकाशाला तीन मिती का, याचे उत्तर त्यांनी तिथे शोधले. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी ही कल्पना उचलून धरली नाही. तरीही टॅक्सीत ज्या विषयाशी गाठ पडली, त्याचाच प्रश्न ते शेवटपर्यंत सोडवत राहिले, हे त्यातून दिसते. त्यांनी वाट बदललीच नव्हती.