रद्द झालेल्या उड्डाणाची कहाणी

ऑक्टोबर महिन्यातील एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एका घरात पहाटेपासून लगबग चालली आहे. आजीबाईंना दिवाळीसाठी कोलकात्याला लेकीकडे जावयाचे आहे. नातवाने विमानाचे तिकीट काढून दिले आहे, लाडू-चिवड्याचे डबे बांधून तयार आहेत. अंगणात स्वच्छ ऊन पडले आहे, आकाशात ढगाचा ठिपकाही नाही. एवढ्यात विमान कंपनीचा निरोप येतो की, चक्रीवादळामुळे आजचे उड्डाण रद्द करण्यात आले आहे. सारे घर अंगणात येऊन वर पाहू लागते. कसले वादळ आणि कुठले वादळ! आजीबाई डबे पुन्हा फडताळात ठेवतात आणि नातवाचा राग कंपनीवर, वैमानिकावर, किंबहुना साऱ्या जगावर निघतो.

वाचकहो, हा प्रसंग कल्पनेतला असला, तरी आपल्यापैकी पुष्कळांनी असा राग अनुभवलेला असेल. त्या रागाला जागा आहे की नाही, हे ठरविण्यापूर्वी रद्द झालेल्या उड्डाणामागे काय काय घडत असते, ते पाहणे उपयुक्त ठरेल.

वादळ कोठे आणि विमान कोठे

पश्चिम प्रशांत महासागरात ज्याला टायफून म्हणतात, अटलांटिकच्या बाजूस ज्याला हरिकेन म्हणतात, तेच आपल्या बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले आणि वरच्या हवेची साथ मिळाली, म्हणजे ते जन्म घेते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की आपले हवामान खाते त्यास चक्रीवादळ म्हणते. ८९ वर ते तीव्र होते, ११८ वर अतितीव्र. आणि २२२ च्या पुढे गेले तर त्यास महाचक्रीवादळ ही संज्ञा मिळते. या वादळांचे मुख्य हंगाम दोन : एक पावसाळ्याच्या आधीचा, दुसरा पावसाळ्यानंतरचा. म्हणजे एक लग्नसराईत आणि सुटीत येतो, तर दुसरा दसरा-दिवाळीत. प्रवाशांची गर्दी आणि वादळ यांची गाठ पडते ती अशी.

रायपूर समुद्रापासून दूर आहे खरे. परंतु हवाई मार्गाने भुवनेश्वर येथून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे, विशाखापट्टणमही जवळजवळ तितकेच. जेट विमानाला हे अंतर तासाभराचेही नाही. त्यात विमान काही टांग्यासारखे दारात आपली वाट पाहत उभे नसते. एकच विमान दिवसातून पाच-सहा गावे करते. सकाळी ते एका शहरातून निघते, दुपारी दुसऱ्या शहरी असते, संध्याकाळी तिसऱ्या. यांपैकी एखादा विमानतळ बंद झाला की पुढची सारी साखळी तुटते. माना येथील विमानतळावर ऊन असते; परंतु तेथे यावयाचे विमानच कोठेतरी अडकून पडलेले असते, किंवा जेथे जावयाचे तेथील धावपट्टी वाऱ्याच्या स्वाधीन झालेली असते.

२०२४ च्या ऑक्टोबरात नेमके हेच घडले. 'दाना' हे वादळ २४ तारखेच्या रात्री ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळणार, हे हवामान खात्याने आधीच सांगितले होते. त्यानुसार भुवनेश्वरचा विमानतळ २४ च्या सायंकाळी पाच वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत, आणि कोलकात्याचा सायंकाळी सहापासून सकाळी नऊपर्यंत बंद ठेवण्याचे जाहीर झाले. वादळ किनाऱ्यास लागले ते मध्यरात्रीच्या सुमारास. पण निर्णय होऊन चुकला होता. या 'आधी' या शब्दालाच फार मोल आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१९ च्या मे महिन्यात 'फनी' हे तितकेच धास्तीचे वादळ पुरीजवळ आले, तेव्हा बारा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलविण्यात आले होते, आणि मृतांचा आकडा त्या राज्यात शंभराच्या आत राहिला. विमान कंपन्यांचा कारभारही याच पूर्वसूचनेवर चालतो.

वैमानिकापुढील हिशेब

वैमानिक वादळाला भितो, असे कोणी म्हटले तर ती निंदा समजू नये. तो भिण्याचा हिशेब शिकलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

पहिला हिशेब वाऱ्याचा. विमान शक्यतो समोरच्या वाऱ्यावर उतरते. वारा आडवा आला तर विमान धावपट्टीवरून बाजूस रेटले जाते. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या प्रवासी विमानांना साधारणतः ३५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर, एवढा आडवा वारा सोसतो. धावपट्टी ओली असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. याचा अर्थ असा की, ज्या वाऱ्याला हवामान खाते जेमतेम चक्रीवादळ म्हणू लागते, तेथेच विमानाची आडव्या वाऱ्याची मर्यादा संपत आलेली असते. शिवाय वादळाचा वारा एकसारखा नसतो. तो क्षणात उसळतो आणि क्षणात दिशा बदलतो.

दुसरा हिशेब इंधनाचा. निघतानाच वैमानिक मुक्कामापर्यंतचे इंधन घेतो; वाटेतील अडचणींसाठी काही अधिक घेतो; मुक्कामी उतरता न आल्यास दुसऱ्या ठरविलेल्या विमानतळावर जाण्यापुरते घेतो; आणि त्याखेरीज अर्धा तास आकाशात घिरट्या घालता येतील, एवढी अखेरची शिल्लक राखतो. ही शिल्लक म्हणजे घरातील मोडू नये अशी ठेव. आता वादळ जर इतके विस्तीर्ण असेल की, भुवनेश्वरबरोबर कोलकाताही बंद, तर पर्यायी विमानतळ दूरचा निवडावा लागतो. दूरचा निवडला की इंधन वाढते, इंधन वाढले की वजन वाढते, आणि मग कधी माल तर कधी माणसे मागे ठेवावी लागतात.

तिसरा हिशेब सर्वांत अवघड, कारण तो मनाचा आहे. विमान उतरत असताना ठराविक उंचीवर त्याचा वेग, दिशा आणि उताराचा कोन ठाकठीक बसलेला असावा लागतो. तो नसेल, तर धावपट्टी डोळ्यांसमोर दिसत असूनही वैमानिकाने पुन्हा वर जावे, असा दंडक आहे. आत बसलेल्या प्रवाशाला विमान अकस्मात वर उसळले की धडकी भरते. वस्तुतः तो क्षण धोक्याचा नसून धोका टळल्याचा असतो. पुन्हा वर गेलेल्या वैमानिकाला कोणी दोष देऊ नये, हे तत्त्व जगभरच्या हवाई वाहतुकीत आज मान्य झाले आहे.

कंपनीच्या कक्षात

वैमानिक विमानात दोघेच असतात. परंतु जमिनीवर त्यांच्यामागे एक मोठा कक्ष जागा असतो. तेथे कोणी हवामानाचे तक्ते वाचीत असतो, कोणी विमानांच्या फेऱ्या जुळवीत असतो, कोणी वैमानिकांच्या कामाचे तास मोजीत असतो. वादळ येणार असे कळताच या कक्षाचे पहिले काम म्हणजे विमाने वाटेतून बाजूला काढणे. जी हलविता येतात ती सुरक्षित गावी पाठवितात. जी मागे राहतात त्यांच्या चाकांना अडसर लावतात, त्यांची इंजिने झाकतात, लहान विमाने जमिनीस दोरखंडांनी बांधतात. कित्येकदा विमानाच्या टाक्यांत इंधन भरून ठेवतात, म्हणजे त्याचे वजन वाढून ते वाऱ्याने हलत नाही. ही दक्षता उगाच नव्हे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' विशाखापट्टणमवर आले, तेव्हा तेथील विमानतळाच्या इमारतीचे छतच उखडून गेले आणि काही दिवस वाहतूक ठप्प झाली. जपानातील ओसाकाजवळचा कान्साई विमानतळ समुद्रात भराव घालून बांधलेला आहे. ४ सप्टेंबर २०१८ रोजी 'जेबी' या टायफूनने त्याच्या धावपट्टीवर समुद्र आणला. वाऱ्याने वाहत आलेले एक तेलवाहू जहाज किनाऱ्यास जोडणाऱ्या पुलावर आदळले आणि हजारो प्रवासी तेथेच अडकले. तेव्हा वादळात विमान सुरक्षित ठेवणे पुरेसे नसते, माणसांना त्या जागी जमूच न देणे हेही तितकेच आवश्यक असते.

दुसरे काम माणसांच्या तासांचे. वैमानिकाने दिवसात किती तास काम करावे, याला कायद्याची मर्यादा आहे. विमान चार तास खोळंबले, तर ते चार तासही त्याच्या कामातच मोजले जातात. म्हणून कधी आकाश मोकळे होते, विमान तयार असते, पण वैमानिकाची मुदत संपलेली असते. त्यावेळी 'वैमानिक झोपायला गेला' असा उपहास कानी पडतो. थकलेल्या माणसाच्या हाती आपले मूल सोपविण्यास आपण तयार होऊ काय, हे उपहास करणाऱ्याने स्वतःस विचारावे.

तिसरे काम खरे सांगण्याचे, आणि येथेच कंपन्या अधिक चुकतात. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळ मुंबईजवळून जात असता तेथील विमानतळ सकाळी अकराला बंद झाला. आरंभी तो दुपारी दोनपर्यंतच बंद राहणार होता. मग ती वेळ वाढत वाढत रात्री दहावर गेली. वादळाच्या गतीवर कोणाची सत्ता नसते, हे खरे. परंतु 'अजून दोन तास' असे दर दोन तासांनी ऐकणारा प्रवासी अखेर कशावरच विश्वास ठेवीत नाही. त्यापेक्षा 'सायंकाळपर्यंत आशा नाही, घरी जा' असे एकदाच सांगणे कठोर असले, तरी दयेचे असते.

एक जुना आणि एक नवा धडा

आपल्या देशाच्या हवाई वाहतुकीने हा विवेक आरंभीच दाखविला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, आणि भारतीय हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबईचे जुहू येथील मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा हट्ट न धरता पावसाळ्यापुरता सारा बाडबिस्तरा पुण्यास, येरवड्याच्या मैदानावर हलविला जाई. त्या सेवेने पहिल्या वर्षी, सह्याद्रीवरचा पाऊस अंगावर घेऊनही, वेळ काटेकोरपणे पाळल्याची नोंद सरकारी अहवालात झाली. वेळेचा अभिमान आणि हवामानापुढची नम्रता या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यातून दिसते.

दुसरा धडा दुःखाचा आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एक विमान केरळातील कोळिकोड येथे भर पावसात उतरताना धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचे प्राण गेले. चौकशीच्या अहवालाने उतरण्यातील चुका दाखविल्याच. परंतु आणखी एक गोष्ट नोंदविली. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच कप्तानाकडे होते, तेथे पुरेसे कप्तान नव्हते, आणि त्यामुळे तेथेच उतरण्याची ओढ त्याच्या मनात असावी. विचार करा, कचेरीतील एका वेळापत्रकाची सावली पावसातल्या धावपट्टीपर्यंत पोहोचली! वैमानिकाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार कागदावर असणे पुरेसे नाही. तो अधिकार वापरल्यास आपल्यामुळे कोणाची गैरसोय होईल, कोण रागावेल, हा विचार त्याच्या मनाला शिवणार नाही, अशी व्यवस्था ठेवणे हे व्यवस्थापनाचे खरे कर्तव्य होय.

आणि आपले कर्तव्य?

त्या दडपणात आपलाही वाटा असतो, हे विसरून चालणार नाही. विमानतळावर टेबलामागे उभ्या असलेल्या मुलीवर आपण ओरडतो, तो आवाज हळूहळू वर चढत कंपनीच्या कक्षापर्यंत जातोच. म्हणून मागावयाचे ते नेमके मागावे. आपल्या नियमांनुसार उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत घेणे किंवा दुसऱ्या विमानाने जाणे, यांपैकी निवड प्रवाशाची असते. नैसर्गिक आपत्तीत त्यावर वेगळी भरपाई मात्र मिळत नाही. पुढचे विमान केव्हा, खोळंबा लांबल्यास खाण्यापिण्याची सोय काय, वृद्धांना बसावयास जागा कोठे, हे खुशाल आणि आग्रहाने विचारावे. 'पण विमान उडवा' असे मात्र म्हणू नये. आणि वादळाच्या दिवसांत पूर्वेकडे निघावयाचे असेल, तर आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचे वृत्त पाहावे, औषधे हातातील पिशवीत ठेवावीत आणि कार्याच्या दिवशीच पोहोचण्याचा बेत आखू नये.

आता पुन्हा ब्राह्मणपाऱ्यातील त्या घरी जाऊ. दुसऱ्या दिवशी ढग गावावर आले आहेत, अंगण ओले झाले आहे. कोलकात्याहून लेकीचा दूरध्वनी येतो, की रात्रभर खिडक्या थडथडत होत्या, बरे झाले तू निघाली नाहीस. आजीबाई फडताळातले डबे पुन्हा काढतात आणि नातवाला म्हणतात, "बाळा, लाडू काही दोन दिवसांत बिघडत नाहीत."

ज्या वैमानिकाने आणि ज्या अधिकाऱ्याने काल 'नाही' म्हटले, त्यांची नावे या घराला कधीच कळणार नाहीत. टळलेल्या अपघाताची बातमी छापून येत नसते. तेव्हा पुढल्या वेळी निरभ्र आकाशाखाली असा निरोप आला, तर क्षणभर त्या अनोळखी माणसांची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.